सातपूरचे स्टिअरिंग आणि पेठची गाडी

मी एक जुने स्टिअरिंग आहे, पण मला गाडी नाही. चाके नाहीत, इंजिन नाही, हॉर्नसुद्धा नाही. तो बसवायचा राहूनच गेला. प्लायवुडच्या एका फळीवर मला चार नटबोल्टांनी आवळून बसवले आहे आणि माझ्या पोटातून निघालेली काळी वायर घरातल्या संगणकात जाते. मित्रांनो, तुम्ही मला खेळणे म्हणाल. खुशाल म्हणा. ज्याने मला घडवले त्यानेही खेळणे म्हणूनच घडवले होते. पण नाशिकच्या सातपूरमधल्या एका घरात या खेळण्याने काय काम केले ते आधी ऐका, मग नावे ठेवा.

माझा मूळ जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवण सुरू होते ती अंबडच्या एका भंगाराच्या दुकानात. मोडीत काढलेल्या टेम्पोचे स्टिअरिंग म्हणून मी तिथे गंजक्या पत्र्यांखाली पडले होते. एके दिवशी शेखर नावाचा तेवीस वर्षांचा तरुण तिथे आला. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये तो लेथ यंत्रावर काम करायचा. त्याने मला उचलले, हवेत धरून दोनदा फिरवले, नखाने माझी कड खरवडून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाला, "हे घेतो." एवढ्या मायेने माझ्याकडे याआधी कोणी पाहिले नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

पुढचे पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत शेखर माझ्यामागे लागला होता. मालकाला विचारून त्याने लेथवर माझ्यासाठी दांडा काढला, त्यात बेअरिंग बसवले, दाराला लावतात तशा दोन स्प्रिंगा घातल्या आणि एका मोडक्या जॉयस्टिकमधली हिरवी पट्टी काढून माझ्या पोटात ठेवली. मी किती वळले ते ही पट्टी संगणकाला कळवते. पायाशी ब्रेक आणि अॅक्सिलरेटर आला. क्लच नाही. शेवटी गिअरचा दांडा, पुढे ढकलला की वरचा गिअर, मागे ओढला की खालचा. तो शेखरने डाव्या बाजूला बसवला. मित्राने विचारले, "अरे, डावीकडे का?" शेखर म्हणाला, "आमच्या दादांचा डावीकडेच असतो."

शेखरचे दादा म्हणजे त्याचे वडील, सावळीराम. एसटीचे ड्रायव्हर. एकतीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची वीस वर्षे त्यांनी नाशिक ते पेठ या एकाच रस्त्यावर काढली. हे नाव नीट लक्षात ठेवा, कारण माझी गोष्ट खरे तर त्यांचीच आहे.

पण तेव्हा मला त्यांचे काय कौतुक! माझेच कौतुक चालले होते. शेखरच्या वर्कशॉपमधला अमित पेनड्राइव्हवर एक खेळ घेऊन आला. परदेशातल्या रुंद रस्त्यांवर मालट्रक चालवायचा खेळ. तो कोणी विकत घेतला होता, कोणी त्याचे कुलूप फोडून फुकट केला होता, देव जाणे. पेनड्राइव्ह हातोहात फिरत होता आणि कोणी विचारत नव्हते. साप्ताहिक सुट्टीला चार-पाच जण घरी जमायचे, माझ्यावर हात ठेवायला रांग लागायची. "शेखर, विकत मिळतं त्याच्यापेक्षा भारी केलंय राव!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की माझ्यात जरा ताठा आला. खरे सांगायचे तर बराच आला.

तो उतरायलाही वेळ लागला नाही. शेखरचे उज्वलाशी लग्न झाले, वर्कशॉपच्या पाळ्या वाढल्या, मित्र आपापल्या संसाराला लागले. मला माळ्यावर ठेवले. शेखरच्या आई, बयाबाई, यांना माझा गोल आकार फार सोयीचा वाटला आणि त्यांनी माझ्यावर लसणाच्या जुड्या टांगल्या. लोखंडाला वास लागत नाही असे म्हणणाऱ्याने सहा वर्षे लसणाखाली काढून दाखवावीत.

मग एका सकाळी खाली कपबशी फुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ बयाबाईंची हाक, शेखरची धावपळ, रिक्षा. निवृत्त होऊन दोन वर्षे झालेल्या सावळीरामांच्या डाव्या अंगावरून वारे गेले होते. पंधरा दिवसांनी ते दवाखान्यातून घरी आले तेव्हा वाचा शाबूत होती. पायही काठीच्या आधाराने हळूहळू सुधारला. डावा हात मात्र मांडीवर तसाच पडून राहिला. बयाबाई त्यांच्या सदऱ्याची बटणे लावायच्या आणि ते भिंतीकडे पाहत बसायचे.

आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घ्यायला मीना नावाची मुलगी यायची. कामात चोख आणि बोलायला स्पष्ट. माळ्यावरून मी तिचे बोलणे ऐकले. "दादा, पहिल्या सहा महिन्यांत हात जेवढा परत येईल तेवढा येईल. नंतर फार अवघड जातं. चार महिने गेलेत. तुम्ही स्वतःहून हलवला नाही तर मी एकटी काय करणार?" तिने त्यांच्या तळहातात रबरी चेंडू ठेवला.

ती गेल्यावर सावळीरामांनी उजव्या हाताने तो चेंडू उचलला आणि खिडकीबाहेर टाकला. "मी काय तान्हं पोर हाय? चेंडू दाबत बसू?"

बयाबाई खाली जाऊन चेंडू घेऊन आल्या. असे तीनदा झाले. चौथ्यांदा चेंडू कुत्र्याने पळवला. दोन महिने उरले होते.

त्या संध्याकाळी शेखर माळ्यावर चढला. लसूण बाजूला करून त्याने मला खाली आणले, ओल्या फडक्याने पुसले, दांड्याला तेल दिले. सहा वर्षांनी त्याचे हात लागले तेव्हा मला किती बरे वाटले ते कसे सांगू! त्याने मला दादांच्या खुर्चीसमोर टेबलावर आवळले, पेडल पायाशी ठेवले आणि तोच जुना खेळ सुरू केला. दादांना गाडी चालवायला मिळाली तर हात आपोआप हलेल, असा त्याचा हिशोब.

सावळीरामांचा उजवा तळवा माझ्यावर आला. मित्रांनो, तोवर माझ्यावर पुष्कळ हात फिरले होते, पण हा तळवा वेगळाच. न पाहता त्याने माझी कड बरोबर जागी धरली. मी मनात म्हटले, आता खरा माणूस भेटला.

दोन मिनिटांत त्यांनी हात काढून घेतला.

"काय झालं दादा?"

"हा रस्ता कोणाचा? एक माणूस हात करत नाय. एक बाई गाठोडं घेऊन उभी नाय. मागं डबे भरलेले. मी माणसांची गाडी चालवली, डब्यांची नाय." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

शेखर हिरमुसला. उज्वलाचा स्वभाव वेगळा. ती एका शाळेच्या कचेरीत काम करते. कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. तिने फोनवर शोधाशोध केली आणि जेवताना जाहीर केले, "दादा, तुमचा पेठचा रस्ता आहे त्या खेळात. लाल गाडीसकट."

एखाद्या खेळात बाहेरच्या माणसाने स्वतः बनवून घातलेली भर, म्हणजे नवी गाडी, नवा रस्ता, नवे गाव, तिला मॉड म्हणतात. करंजाळीकडच्या मनोज नावाच्या माणसाने असा मॉड केला होता. पेठमध्ये त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान. छातीला फोन बांधून त्याने मोटरसायकलवरून सगळा रस्ता टिपला आणि दीड वर्ष खपून तो खेळात उतरवला. नाशिकचे सीबीएस स्थानक, पेठ नाका, रामशेजचा डोंगर, सावळघाट, करंजाळी, कोटंबीचा घाट, पेठ. थांब्यांवर माणसेसुद्धा उभी. सावळीरामांनी भाकरी अर्धीच ठेवली आणि विचारले, "कोटंबीसुदीक हाय?"

शेखरने आपल्या जुन्या रिवाजाने अमितला फोन केला. अमितकडे हा मॉड नव्हता, पण एका संकेतस्थळाचा पत्ता होता. तिथे 'डाउनलोड' लिहिलेली सात बटणे होती. शेखरने सातही दाबली. मॉड काही आला नाही, पण संगणक असा बिघडला की दर मिनिटाला पडद्यावर जाहिराती नाचायला लागल्या. तो साफ करण्यात चार दिवस गेले. चार दिवस, मित्रांनो, आणि सावळीरामांचा हात मांडीवर तसाच.

पाचव्या दिवशी उज्वलाने मॉडचे पान त्याच्यासमोर धरले. "पहिलीच ओळ वाच. खेळ विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानातून ज्यांनी खेळ घेतलाय त्यांनाच हा रस्ता मिळतो. दुसरीकडे कुठे ठेवलेलाच नाही."

"पण खेळ आहे ना आपल्याकडे!"

"आहे. आपला नाहीये."

शेखर कुरकुरला, की एवढी वर्षे चाललेच ना, आता तेच पुन्हा विकत कशाला घ्यायचे. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "शेखर, म्हंजे एवढी वर्षं तू विनातिकीट फिरत व्हता?"

उज्वलाला हसू आवरेना. शेखरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एसटीवाल्याच्या घरात याहून मोठी शिवी नाही. त्याच दुपारी त्या ऑनलाइन दुकानात सावळीरामांच्या नावाने खाते उघडले आणि खेळ रीतसर विकत घेतला. पावती ईमेलवर आली तेव्हा सावळीरामांनी ती मोठ्याने वाचून घेतली आणि मान हलवली.

खेळ उतरायला दीड दिवस लागला, कारण मध्ये दोनदा लाइट गेली. नंतर मात्र गंमत झाली. मॉडच्या पानावर 'सबस्क्राइब' असे एक हिरवे बटण होते. उज्वलाने ते एकदाच दाबले आणि रस्ता आपोआप खाली उतरला. ना पेनड्राइव्ह, ना सात बटणे. शेखरला ते इतके सोपे पटेना. त्याने पूर्वीच्या सवयीने जुन्या खेळातल्या मॉडच्या फाइलीही आणून नव्या फोल्डरमध्ये टाकल्या, "असू देत, कमी पडायला नको." झाले! खेळ उघडेना. उज्वलाने पुन्हा पान वाचले. मनोजने स्वच्छ मराठीत लिहिले होते, की जुन्या फाइली काढून टाका; दुकानाच्या यादीत खेळावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि मागची आवृत्ती निवडा, कारण रस्ता त्याच आवृत्तीवर चालतो; आणि मॉडच्या यादीत रस्ता खाली, गाडी वर ठेवा. तिने एकेक करून तसेच केले. शेखर नुसता मागे उभा राहून "हो, तेच म्हणत होतो" म्हणत राहिला.

आणि पडद्यावर सीबीएस उघडले. फलाट, पाट्या, आणि समोर लाल गाडी. बयाबाई स्वयंपाकघरातून एकदा डोकावून गेल्या. सावळीरामांना खुर्चीत बसवले. त्यांचा उजवा तळवा माझ्यावर आला, पाय पेडलवर गेला. इंजिन धडधडायला लागले. शेखरने मोबाईल काढून चित्रण सुरू केले.

गाडी हलली नाही.

एक मिनिट गेले, दोन गेली. सावळीराम समोर पाहत होते. "दादा, काढा ना," शेखर म्हणाला. ते म्हणाले, "थांबलोय." बस्स, एवढेच. शेखरने चित्रण बंद केले. त्याला वाटले पेडल नीट लागले नाही. त्याने पेडल उलटे करून तपासले. मग वाटले मॉड अर्धवट उतरला. त्याने सबस्क्राइब काढले, पुन्हा केले, खेळ पुन्हा उघडला. पुन्हा सीबीएस, पुन्हा धडधड, पुन्हा "थांबलोय." दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्याने स्क्रू काढून माझे पोट उघडले, हिरवी पट्टी बाहेर काढली, फुंकर मारली, परत ठेवली आणि दादांना पुन्हा माझ्यासमोर बसवले; तरी गाडी जागची हलली नाही. मी रागावले नाही, पण अपमान तो अपमानच.

"हे जुनं झालं. याच्यात दम नाही राहिला," तो उज्वलाला म्हणाला. "भंगारात देऊन टाकतो आणि तयार मिळतं ते मागवतो."

"आणि ते यायला आठ दिवस. दिवस आहेत का आपल्याकडे?" उज्वलाचा आवाज चढला होता. लगेच तिने तो खाली आणला. "कदाचित... दादांनाच आता जमत नसेल रे."

हे ती हळू बोलली, पण खोली लहान होती. माझ्यावरचा तळवा ताठ झाला. मी त्यांना सांगायला ओरडत होते, की पट्टी ठीक आहे, रस्ता ठीक आहे, हा तळवा थरथरतसुद्धा नाही, हा माणूस गाडी काढायला पूर्ण तयार आहे! पण मला हॉर्न नाही, हे मी तुम्हाला सांगितलेच आहे.

बयाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. सून रडवेली, मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला, नवरा स्टिअरिंग धरून ताटकळलेला. त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"आरं शेखर," त्या म्हणाल्या, "ह्यांना बेल कोणी दिली का?"

"कसली बेल?"

"आरं, कसली म्हंजे? डबल बेल झाल्याबिगर ह्यांनी जन्मात कधी गाडी हालवलीय का?" आणि त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन पिठाचा रिकामा डबा आणि लोखंडी उलथणे आणले. खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. टण् टण्!

सावळीरामांचा पाय दबला. गाडी सीबीएसच्या फाटकातून अशी बाहेर पडली, की जणू मधली दोन वर्षे झालीच नव्हती.

मित्रांनो, ज्यांना एसटीचा प्रवास ठाऊक आहे त्यांना हे सांगायला नको. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. मागे कोण चढते आहे, कोणाचे पोर पायरीवर आहे, हे ड्रायव्हरला दिसत नाही. ते कंडक्टरला दिसते. म्हणून बेल. एकतीस वर्षे जो पाय दोन टोल्यांवर दबला, तो त्याशिवाय दबणार कसा?

"मग बोलला का नाहीत दादा?" शेखर जवळजवळ ओरडलाच. "दोन दिवस मी सगळं खोलून बसलोय!"

सावळीरामांनी रस्त्यावरून नजर न हटवता उत्तर दिले. "काय सांगू? घरात कंडक्टर नाय हे मला बी दिसतंय. पण पाय उचलंना. तुम्ही म्हणला असता, म्हाताऱ्याचा हात गेला व्हता, आता डोकं बी गेलं."

उज्वला पटकन आत गेली आणि पाणी पिऊन आली. बयाबाईंनी स्टूल ओढून घेतले आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या. त्या दिवसापासून त्या आमच्या कंडक्टर झाल्या. रोज संध्याकाळी साडेपाचची गाडी. समोर मेथी निवडायला, हाताशी उलथणे. पेठ नाक्यावर टण्, माणसे चढली की टण् टण्. कधी निवडता निवडता विसरल्या तर पुढून विचारणा व्हायची, "कंडक्टर, झोपले का?" आणि मागून उत्तर यायचे, "तुमचं बघा. पुढं खड्डा हाय."

पण खरी अडचण तर घाटात होती. सपाटीवर सरळ रस्त्याला उजवाच हात पटकन पलीकडे नेऊन गिअर टाकता येतो. सावळघाटाच्या चढाला लागलो आणि इंजिन कण्हायला लागले. गिअर खाली घ्यायला हवा. गिअर डावीकडे. सावळीरामांचा उजवा हात क्षणभर माझ्यावरून उचलला गेला, पण वळण समोर होते आणि वळणावर स्टिअरिंग सोडणारा हा माणूस नव्हे. हात परत माझ्यावर आला. डावा मांडीवर जरासा सरकला, तेवढाच. गाडी कण्हत कण्हत बंद पडली आणि मागे घरंगळू लागली. त्यांनी ब्रेक दाबला. बयाबाईंनी हलकेच एक टोला दिला.

"घाटात गाडी बंद पडली," सावळीराम म्हणाले. कपाळावर घाम होता. "एवढी माणसं घेऊन बंद पडली."

"पडती कधी कधी," बयाबाई म्हणाल्या. "उद्या काढू."

दुसऱ्या दिवशी तसेच झाले. तिसऱ्या दिवशीही. शेखर म्हणाला, गिअर उजवीकडे बसवून देतो, नाहीतर गिअर आपोआप पडतील अशी सोय खेळात आहे. सावळीरामांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो पुन्हा बोलला नाही. आता मात्र ते मीनाची वाट पाहायचे. तिने बोटे उघडायला सांगितली की दात आवळून उघडायचे. नवा चेंडू त्यांनी स्वतः मागून घेतला आणि बातम्या पाहताना दाबत बसायचे. एकदा मीनाने विचारले, "दादा, अचानक काय झालं?" तर म्हणाले, "सावळघाटात गाडी अडकली हाय, बाई. माणसं खोळंबलीत."

अठराव्या दिवशी डावा हात मांडीवरून उठला. सरळ नाही, खांद्यातून, सगळे अंग वाकवून, ओझे उचलावे तसा उठला आणि गिअरच्या दांड्यावर जाऊन पडला. पडला म्हणजे अक्षरशः पडला. पण त्याच्या वजनाने दांडा मागे आला. खालचा गिअर पडला. इंजिनाचा सूर बदलला आणि लाल गाडी चढाला लागली. मी सावळीरामांच्या उजव्या हाताखाली होते. चढ संपेपर्यंत त्यांनी मला घट्ट धरून ठेवले. मागे बयाबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

पुढचे सांगायला आता वेळ लागत नाही. कोटंबीचा घाट आणखी तीन आठवड्यांनी झाला. एका वळणावर सावळीरामांनी गाडी थांबवली आणि सुनेला म्हणाले, "त्या मनोजला लिही, हा आंबा डाव्या अंगाला असतो. त्यानं उजव्या अंगाला लावलाय." उज्वलाने मॉडच्या पानाखाली तसे लिहिले. मनोजचे उत्तर आले, "काका, तुमचं बरोबर आहे. मी परतीच्या फोटोवरून काढला होता." आठ दिवसांत झाड जागेवर आले, आणि त्यासाठी आम्हाला काही करावे लागले नाही, दुकानातून दुरुस्ती आपोआप खाली उतरली. पेनड्राइव्हवरचा खेळ आला तसा पडून राहतो. हा रस्ता मात्र खऱ्या रस्त्यासारखा दुरुस्त होत राहिला आणि शेखरने विनातिकीट फिरणे कायमचे सोडले.

सहा महिने भरले त्या दिवशी मीनाने आपली दोन बोटे सावळीरामांच्या डाव्या मुठीत दिली आणि म्हणाली, "दाबा." त्यांनी दाबली. "अजून." दाबली. "बास दादा, सोडा, सोडा!" ती हसत ओरडली. सगळा हात परत आला असे नाही. अजून पाण्याचा तांब्या हिंदकळतो. पण बटणे ते स्वतः लावतात. खालून वर, एक चुकते.

गेल्या महिन्यात एका सकाळी नवरा-बायको नवे कपडे घालून निघाले. खऱ्या गाडीने, पेठला, बयाबाईंच्या बहिणीकडे. मी टेबलावरच होते. खेळातली साडेपाचची गाडी त्या दिवशी सुटली नाही. संध्याकाळी ते परतले तेव्हा बयाबाई दारातूनच तक्रार करत आल्या.

"उज्वला, काय सांगू तुला! कंडक्टरनं बिचाऱ्यानं पुढची सीट रिकामी करून दिली ह्यांना. पण बसतील तर शपथ! सगळा घाट उभ्यानं आले. वरची दांडी धरून."

"कोणत्या हाताने?" उज्वलाने विचारले.

बयाबाईंनी नवऱ्याचा डावा हात उचलून सुनेला दाखवला. तळव्यावर दांडीचा लाल वळ उठला होता. सावळीराम ओशाळून म्हणाले, "आगं, सोड की. पोरं बघत्यात."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या वाट्याला फार काम उरलेले नाही. आठवड्यातून एखादी फेरी होते, कधी तीही नाही. माझ्यावर पुन्हा धूळ बसू लागली आहे. पूर्वी मला धुळीचे फार वाईट वाटायचे. आता नाही वाटत, कारण ज्या हातांसाठी मी खाली आले ते बाहेर कामाला लागले आहेत. तुम्हाला माझे एकच सांगणे आहे. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू गप्प पडली असेल, एखादे जुने माणूस गप्प बसले असेल. ते बिघडले असे ठरवून स्क्रूड्रायव्हर घेऊन धावू नका, आणि भंगारात काढण्याची भाषा तर मुळीच करू नका. जवळ बसा आणि विचारा, कशासाठी थांबला आहात? उत्तर लगेच येणार नाही. पण विचारत राहा, आणि तेवढा वेळ त्यांचा हात हातात धरून ठेवा.